घाटमाथ्यावरच्या गरीब घराची गोष्ट लिहिताना विनोद कुठून यावा?

घाटमाथा यांचा प्रश्न:

नमस्कार. गेली दोन वर्षे मी एक कादंबरी लिहीत आहे. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, कळसूबाईच्या रांगेतल्या एका कल्पित वाडीत राहणारे महादेव कोळी कुटुंब हा तिचा विषय आहे आणि काळ १९८०च्या आसपासचा आहे. घरात आजी, तिचा मुलगा आणि सून, दोन नातवंडे आणि आजीचा बिनलग्नाचा धाकटा दीर, ज्याला सगळे तात्या म्हणतात, अशी सहा माणसे आहेत. माझे आजोळ त्याच भागातले असल्याने लहानपणीच्या बहुतेक सुट्ट्या मी तिथे काढल्या. पण मी वाढले आणि शिकले ती संगमनेरला, म्हणजे १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी ज्या बाजूला जाते त्या बाजूला, हे आधीच सांगितलेले बरे.

आजोळच्या घराची माझी सर्वांत पक्की आठवण म्हणजे तिथले हसणे. कण्या शिजत असताना, इरली विणताना, अंधारात अंथरुणावर पडल्यावर कोणी ना कोणी काहीतरी बोलायचे आणि घरभर खसखस पिकायची. तेच मला कागदावर आणायचे आहे. मात्र पहिला खर्डा दोन मैत्रिणींना वाचायला दिला, तेव्हा एकीने सांगितले की या घरातली गरिबी सहलीला आल्यासारखी सुखाची वाटते. दुसरीने रेशनच्या गव्हाचा प्रसंग पुढे केला. त्यात सून नागलीच्या (नाचणीच्या) सवयीने गव्हाचे पीठ थापायला जाते, ते तिच्या हाताला चिकटते आणि तिची फजिती होते. मैत्रीण म्हणाली, "इथे हसतेस ती तू, संगमनेरला बसून." हे वाक्य मला फार लागले, कारण ते खरे आहे.

कादंबरीतला कठीण काळ मी चैत्र-वैशाखात घातला आहे. विहिरी आटलेल्या, मुलगा मजुरीच्या शोधात गेलेला, हिरडा घेणारा व्यापारी दारात. या काळातही घर हसत राहावे, पण त्यामुळे हाल हलके होऊ नयेत आणि माणसेही हास्यास्पद ठरू नयेत, हे कसे साधायचे? ज्यांनी असे घर पाहिले आहे किंवा अशा विषयावर लिहिले आहे, त्यांनी मोकळेपणाने सांगावे.

---

जुन्नरचे गुरुजी यांचे उत्तर:

आपण विनोदाबद्दल विचारले आहे, पण मला आधी ऋतूबद्दल लिहावेसे वाटते, कारण ऋतू चुकला तर विनोदही चुकीच्या जागी पडेल.

मी जुन्नर आणि अकोले यांच्या सीमेवरच्या एका वाडीत अकरा वर्षे प्राथमिक शिक्षक होतो. उन्हाळ्यात तिथे पाण्याचे हाल होतात, यात शंका नाही. पावसाळाभर जिथे हाताला हात दिसत नाही, तिथेच मे महिन्यात झऱ्याच्या खड्ड्याशी बसून वाटीवाटीने हंडा भरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण त्या दिवसांत घरात थोडाफार पैसा असतो. बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकलेला असतो, करवंदे आणि जांभळे पोरांच्या तोंडी असतात, लग्नकार्यांत दोन जेवणे बाहेर होतात. घाटमाथ्यावरची खरी उपासमार पावसात येते. कणगीतली नागली मृगाच्या सुमारास तळाला लागते आणि नवी नागली घरात येते ती दिवाळीच्या आगेमागे. मधल्या काळातच चिखलणी आणि आवणीचे (रोपांच्या लावणीचे), म्हणजे वर्षातले सर्वांत जड काम असते. अंगातली सगळी ताकद लागते तेव्हाच पोटात काही नसते, हे मैदानावरच्या माणसाला सांगूनही पटत नाही, कारण त्याच्या मनात हिरवा डोंगर म्हणजे सुबत्ता असते.

याच महिन्यांत लोक रानभाज्यांवर राहतात: भारंगी, कुर्डू, चाई. कडूकंद तर नीट पाहून लिहिण्यासारखा आहे. त्याच्या चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकळायच्या आणि फडक्यात बांधून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे त्यातला कडूपणा आणि विखार जातो. एका जेवणासाठी एवढा खटाटोप करणाऱ्या घराला वाचक कधी आळशी म्हणणार नाही. पावसाळ्यात घ्यायचे धान्य सुगीला दीडपट-दुपटीने फेडण्याची पालेमोडीची रीतही याच दिवसांतली आहे. ती मोडावी म्हणून सरकारने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस खावटी कर्ज सुरू केले. आपल्या कादंबरीच्या काळात ते नवे असेल, आणि खावटी आधी येते की सावकाराकडे आधी जावे लागते, एवढ्यावरच एक प्रकरण उभे राहू शकेल.

आता विनोदाविषयी, मी स्वतः ऐकलेला एकच प्रसंग सांगतो. आषाढात वर्गाची हजेरी निम्म्यावर यायची. एके दिवशी तिसरीतला एक मुलगा भिंतीला डोके टेकून बसला होता. मी विचारले, "सकाळी काय खाल्लंस रे?" तो म्हणाला, "आज भाकरीची एसटी आली नाही गुरुजी, घाटात दरड पडलीय." सगळा वर्ग हसला. मीही हसलो, आणि मग माझ्या लक्षात आले की मोठ्याने हसणाऱ्यांपैकी तिघांच्या घरीही चूल पेटली नव्हती. त्या मुलाने एका वाक्यात स्वतःची अब्रू राखली, त्या तिघांची राखली आणि मला काय ते कळवलेही. असा विनोद तुमच्या घरात येऊ द्या.

---

कारवी यांचे उत्तर:

गुरुजींनी ऋतू सांगितला, मी घर सांगते, कारण मी तशाच घरात जन्मले. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर जुनी नळीची कौले, आणि पावसात सात-आठ ठिकाणी गळती.

आमच्या आजीने प्रत्येक गळतीला नाव ठेवले होते. चुलीच्या वरची गळती 'मामा', कारण ती न सांगता यायची आणि आली की चार दिवस हलायची नाही. कणगीजवळची 'सावकार', कारण आधी थेंब थेंब पडायची आणि मग एकदम धार लागायची. दारातल्या गळतीला ती 'व्याही' म्हणायची, कारण तिच्याखाली घरातले बरे भांडे ठेवावे लागे. येणाऱ्याजाणाऱ्याचे लक्ष पहिल्यांदा तिथेच जाई. आम्हा पोरांना ही नावे ऐकून हसू यायचे हे खरेच, पण ती ठेवण्यामागे सोयही होती. मध्यरात्री आजी अंथरुणातूनच म्हणायची, "मामा उठला," आणि दिवा न लावता माझा भाऊ नेमके कुठले पातेले भरले ते ओळखून रिकामे करून यायचा. रॉकेल वाचायचे. आजी गेल्यानंतर आम्ही पत्रे घातले, तरी आईला अजून कौलांचा आवाज आल्यासारखा वाटला की ती म्हणते, "मामा आला बहुतेक."

म्हणून मला वाटते की विनोद वेगळा आणून घरात ठेवायचा नसतो. त्या घरातले काम कुठे अडते ते पाहिले की विनोद तिथेच सापडतो. लाकडे ओली असतात, कोंबडी अंडे शेजाऱ्याच्या गोठ्यात घालते, घोंगडी एक आणि पाय सहा असतात.

दुसरी गोष्ट, थट्टा कोणी कोणाची करायची याचे आमच्याकडे पक्के नियम आहेत आणि ते तुम्ही आजोळी नकळत पाहिले असतील. आजी आणि नातवंडे एकमेकांना काहीही बोलू शकतात. दीर-भावजय, मेहुणे-मेहुणे यांची थट्टा चालते, उलट ती केली नाही तर राग आहे असे समजतात. सासऱ्यासमोर सून मात्र थट्टा करणार नाही. तुमच्या घरात सासरा नाही, पण तात्या चुलतसासरा लागतो, हे विसरू नका. ती तात्याला थेट काही म्हणणार नाही. ती मांजरीला म्हणेल, आणि तात्याने ते ऐकायचे असते.

आता गव्हाचा प्रसंग. तो काढून टाकू नका. त्यात हसणे चुकलेले नाही, हसणारी व्यक्ती चुकली आहे. आमच्या घरात गहू हा पाहुणा होता आणि नागली घरची होती. त्यामुळे पीठ हाताला चिकटले, तर हसू सुनेचे व्हायचे नाही, पिठाचे व्हायचे. माझी आई म्हणाली असती, "हे पीठ जावयासारखं आहे, बसलं की उठतच नाही." तुमच्या सुनेला हे वाक्य द्या आणि प्रसंग पुन्हा वाचून पाहा.

आणि एक पथ्य पाळा. परका माणूस दारात आला की हे घर गप्प होते. हिरड्याचा व्यापारी, कर्जाचा कारकून, रस्ता चुकलेले गिर्यारोहक, कोणीही असो. त्याच्यासमोर 'हो' आणि 'नाही' एवढेच. तो पहिल्या वळणाआड गेल्यावर मात्र त्याच्या चालण्याची आणि बोलण्याची अशी हुबेहूब नक्कल होते की शेजारची घरेही पाहायला येतात.

---

पाटणचा वाचक यांचे उत्तर:

वरची दोन्ही उत्तरे मला आवडली, पण माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मांडणे मला आवश्यक वाटते.

आपल्याकडे गावाकडच्या विनोदी कथेची परंपरा मोठी आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव जाऊन कथाकथन केले आणि सभागृहे भरून लोक हसले. मी त्या कथांवर वाढलो, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण भरलेल्या सभागृहाचे हसणे आणि चुलीपुढचे हसणे एकच नसते. सभागृहाला इरसाल म्हातारा आणि भोळा गडी ओळखीचे झाले की पुढे कित्येक लेखक तेवढेच लिहीत राहिले, आणि गावातल्या माणसाने तोंड उघडले की हसायचे, अशी वाचकाला सवय लागली. तुमच्या मैत्रिणीला गव्हाच्या प्रसंगात जे खटकले, ते या सवयीतूनच आले असावे.

माझे वडील पाटण तालुक्यातल्या डोंगरातून १९७२च्या दुष्काळात मुंबईला गेले आणि गोदीजवळ माथाडी काम करू लागले. मागे आई, आजी आणि आम्ही चार भावंडे. त्या वर्षी रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे एका जातीची ज्वारी, मिळायची, दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्यांना सुकडी मिळायची. आमच्याही घरात विनोद होता, पण तो रोज नव्हता. मनीऑर्डर यायची त्या आठवड्यात होता, आणि मनीऑर्डर चुकली की पंधरापंधरा दिवस आजी जपमाळ ओढल्यासारखी नुसती बसून असायची. त्या दिवसांत कोणी काही गमतीचे बोलले असते, तर आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला असता. म्हणून मला वाटते, की तुमच्या कादंबरीत काही पाने अशी असावीत जिथे तात्या काहीतरी बोलतो आणि कोणीही हसत नाही. मुलगी वर बघते, आई चुलीत फुंकर घालत राहते, आणि तात्या पुन्हा बोलत नाही. असे एक पान तरी आले, तर बाकीच्या पानांवरचे हसणे वाचकाला खरे वाटेल.

दुसरे असे, की व्यापाऱ्याला विनोदी करू नका. गलेलठ्ठ, घामट, पान खाणारा व्यापारी आला की वाचक निर्धास्त होतो. तो साधा, गोड बोलणारा, मुलांच्या हातावर गूळ ठेवणारा माणूस असू द्या, आणि त्याच्या ताजव्यात हिरडा किती भरला, हातात किती पैसे पडले, त्यातले जुन्या देण्यात किती वळते झाले, याचे आकडे मात्र स्पष्ट लिहा. नंतर घराने केलेली त्याची नक्कल वाचताना वाचकाच्या मनात ते आकडे असले पाहिजेत.

---

जुन्नरचे गुरुजी यांचे उत्तर:

पाटणकरांचे म्हणणे मला मान्य आहे. न हसण्याचे पान हवेच.

भाषेबद्दल एक भर घालतो. ही माणसे पावसाळा नक्षत्रांवर मोजतात, आणि नक्षत्रांना लोकांनी दिलेली नावेच मुळात थट्टेची आहेत. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, मघांचा सासवांचा आणि पूर्वांचा सुनांचा. पाच-सहा जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ, म्हणजे नेमके उपासाचे दिवस, या नावांनी भरलेले आहेत. प्रकरणांना हीच नावे दिलीत, तर आजीचे आणि तात्याचे अर्धे संवाद आपोआप सुचतील: म्हातारा पाऊस तात्याच्या नावाने कुजबुजला जाईल, सासवांचा आजीच्या. मघांची म्हणही वापरा, "पडल्या मघा तर चुलीपाशी हगा, न पडल्या तर वरती बघा." ती सोवळी करून लिहू नका. सतत आठवडाभर पाऊस लागला की बाहेर पाऊल टाकता येत नाही, हा त्यातला अनुभव आहे, आणि तो म्हणीत जसाच्या तसा आहे. मात्र डांगाणातली, म्हणजे त्या डोंगरी भागातली, बोली पानभर पसरू नका. ती ज्यांची आहे त्यांना खोटी वाटेल आणि ज्यांची नाही त्यांना कळणार नाही. वाक्याची चाल त्यांची ठेवा, शब्द मोजके घ्या.

---

घाटमाथा यांचे उत्तर:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. गेले तीन आठवडे मी दुसरे काही केले नाही. कठीण काळ चैत्रातून उचलून पावसात नेला आहे, गव्हाचा प्रसंग कारवी यांच्या सांगण्याप्रमाणे बदलला आहे, आणि तात्याच्या बोलण्यावर कोणी हसत नाही असे एक पान लिहिले आहे. ते लिहिताना मला खूप त्रास झाला, कारण तात्या माझा सर्वांत लाडका आहे. गळतीची नावे ठेवण्याची कल्पना घेऊ का, असे मी कारवी यांना निरोप पाठवून विचारले होते आणि त्यांनी आनंदाने होकार दिला. त्यातून झालेला तुकडा खाली देते. आवणी उरकून मुलगा नारायणगावकडे मजुरीला गेला आहे आणि त्याला अकरा दिवस झाले आहेत.

> म्हाताऱ्या पावसाचा तो तिसरा दिवस होता. आजीने अंधारातच कान दिला आणि म्हणाली, "मामा उठला." थोरला नातू उठला, चाचपडत पातेले घेऊन पडवीपर्यंत गेला आणि रिकामे करून परत जागेवर ठेवून आडवा झाला. सावकार अजून थेंबावर होता. संध्याकाळी कण्यांची पेज झाली होती आणि तिच्यात कण्या मोजता येत होत्या. सुनेने दिवसभर तोंड उघडले नव्हते.
>
> मध्यरात्र उलटल्यावर एक नवा आवाज सुरू झाला. नवरा जिथे घोंगडी टाकून निजायचा, बरोबर त्या जागी. ती बराच वेळ तो ऐकत पडून राहिली. मग उठली. फळीवर हात फिरवला, पण एकही भांडे उरले नव्हते. कोपऱ्यात काथवट उभी होती. चार दिवसांत तिला पीठ लागले नव्हते. तिने ती उचलली आणि त्या आवाजाखाली सरकवली. लाकडावर थेंबाचा आवाज बदलला.
>
> "हा कोण गं नवा?" आजीने विचारले.
>
> सून जरा थांबली. "तुमचा लेक, आत्याबाई," ती म्हणाली. "गेल्यापासून पहिल्यांदाच घरी काहीतरी पाठवलंय त्यानं."
>
> काही वेळ नुसता पाऊस ऐकू येत होता. मग तात्याची घोंगडी हलू लागली.

इथेच थांबावे असे वाटते. कारवी, काथवट हा शब्द आपल्याकडे चालतो का? माझ्या आजोळी ऐकल्याचे आठवते, पण खात्री करून घ्यायची आहे.

---

कारवी यांचे उत्तर:

काथवटच म्हणतात. तुकडा मी आईला वाचून दाखवला. ती हसली आणि मग बराच वेळ खिडकीकडे बघत बसली.

तिने एक दुरुस्ती सांगितली आहे. काथवट रात्रभर पाण्याखाली राहिली तर लाकूड फुगते आणि वाळताना तडकते, आणि घरात ती एकच असते. त्यामुळे आजी हसून झाल्यावर सुनेला ती काढायला लावेल आणि तिथे स्वतःचा पाण्याचा तांब्या ठेवेल. सकाळी उजाडल्यावर सून काथवट पुसून चुलीच्या कडेला उभी करेल, धग लागेल पण आच लागणार नाही एवढ्या अंतरावर.